रुमालाची गाठ

जुन्या पोथ्या चाळणाऱ्याला शेवटच्या पानावर एक माणूस हमखास भेटतो. ग्रंथ संपलेला असतो, शक, संवत्सर, तिथी, वार लिहून झालेले असतात, आणि मग नक्कल करणारा स्वतःचं थोडं बोलून घेतो. पाठ मोडली, कंबर मोडली, मान अवघडली, नजर बसली. खाली मुंडी घालून एवढं लिहिलंय, आता तरी नीट जपा, असं त्याचं गाऱ्हाणं असतं. कधी त्याच्या जोडीला आणखी एक श्लोक येतो आणि त्यात पोथी स्वतःच बोलते. मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, एवढंच तिचं मागणं.

तेल आणि पाणी लगेच पटतं. समईचं तेल ओघळतं, श्रावणात भिंतीला ओल धरते. मूर्खांविषयी तर वेगळं सांगायला नको. पण या यादीत सैल बांधणी कशाला, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. पोथी हाताळली तेव्हा उत्तर मिळालं. पोथीची पानं शिवलेली नसतात. वर एक फळी, खाली एक फळी, बाहेरून कापडाचं वेष्टन आणि दोरीचे फेरे. गाठ सैल पडली की पानं आतल्या आत घसरतात, कडा झिजतात, एखादं पान निसटून भलत्याच पानांत जाऊन बसतं. ते जळालेलं नसतं, भिजलेलं नसतं, त्यावरचं अक्षर न् अक्षर शाबूत असतं. फक्त त्यानं आपली जागा सोडलेली असते. शोधणाऱ्याच्या दृष्टीनं ते हरवल्यातच जमा.

पहिल्या दोन शत्रूंवर आपल्या काळात बराच इलाज निघाला आहे. हा तिसरा मात्र नवे कपडे घालून परत आला आहे, आणि ही पुस्तिका मुख्यतः त्याच्यासाठी लिहिली आहे.

ती कोणासाठी आहे, तेही सांगतो. मोठ्या संस्थांकडे जाणकार माणसं असतात, थोडाफार निधी असतो. पण तालुक्याच्या गावातलं शंभरी ओलांडलेलं वाचनालय, एखादं देवस्थान, बंद पडलेली नाटक मंडळी, जुनी शाळा, सहकारी पतपेढी, आणि ज्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचे कागद आहेत अशी घरं, यांच्याजवळ आपल्या सांस्कृतिक वारशाचा केवढा तरी भाग पडून आहे. त्यांच्याकडे स्कॅनर नसला तरी मोबाइल असतो. गावातलं एखादं हुशार पोर असतं. आणि कुणीतरी बैठकीत म्हणतं, ‘एकदाचं सगळं स्कॅन करून टाकू, म्हणजे सुटलो.’ या ‘सुटलो’शी आमचं भांडण आहे.

मराठीत जुन्या कागदांविषयी प्रस्तावना लिहायची म्हणजे राजवाड्यांच्या दारावरून जावं लागतं. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. त्यांच्या प्रस्तावना आतल्या कागदांइतक्याच गाजल्या. कागद मागायला ते गावोगाव हिंडले. कुठे दार उघडलं, कुठे संशय घेतला गेला, कुठे कागद आधीच वाण्याच्या पुड्यांना लागलेले होते. १९१० साली त्यांच्या पुढाकारानं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ते गेल्यावर धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ निघालं आणि त्यांनी जमवलेला संग्रह तिथं राहिला. राजवाड्यांचा एक आग्रह आजही जुना वाटत नाही. कागद मिळाला तसा छापा, आपल्या सोयीनं त्याला कापू-सवरू नका, हा तो आग्रह. कागद कोणाच्या दप्तरात, कशाशेजारी सापडला, हे त्यांच्या लेखी कागदाच्या मजकुराइतकंच मोलाचं होतं.

याचा अर्थ मला नीट कळला तो पेशवे दप्तरात. पुण्याच्या पुराभिलेखागाराला जुनी माणसं अजूनही याच नावानं ओळखतात. १८१८ साली पेशवाई बुडाली, दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं, पुढे त्यात भर पडत गेली आणि आज तिथं कोट्यवधी मोडी कागद आहेत. ते फायलींत नसतात, रुमालांत असतात. रुमाल म्हणजे चौकोनी जाड कापड. त्यात कागदांची पुडकी ठेवायची, चारी पदर उलटसुलट घ्यायचे आणि गाठ मारायची. वाचकाला कागद मागायचा तर दप्तराचं नाव, रुमालाचा क्रमांक, पुडक्याचा क्रमांक अशी पायरी उतरावी लागते. दप्तरांची नावंही कामावरून पडलेली. रोजकीर्दीत रोजच्या रोज झालेल्या नोंदी, घडणीत विषयवार लावलेले कागद, प्रांत अजमासात मुलखाच्या जमाखर्चाचे अंदाज. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत या दप्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी यांचा आवाका मोठा होता, यात शंकाच नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा कारकुनानं कागद कामाप्रमाणे लावले होते आणि गाठी घट्ट मारल्या होत्या, म्हणून तो आवाका कामाला आला.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. या पुस्तिकेचं मूळ तिथंच आहे.

बरीच वर्षं झाली. एका छोट्या संस्थेकडे एका जुन्या घराण्याचे सतरा रुमाल आले होते. आम्ही सात-आठ जण, सगळे हौशी, दर रविवारी जमायचो. नवा स्कॅनर आला होता, त्याचं अप्रूप होतं. काम झपाट्यानं व्हावं म्हणून आम्ही सगळे रुमाल एकदम सोडले. मोठे कागद एकीकडे, छोटे दुसरीकडे आणि लांबलचक तिसरीकडे लावले, कारण स्कॅनरच्या काचेला तशी वर्गवारी सोयीची होती. पुढची बाजू स्कॅन केली. मागची बाजू बहुतेक कोरीच दिसत होती, ती सोडून दिली. चित्रांना यंत्रानं आपणहून एकापुढे एक आकडे दिले, तेच राहू दिले. कागद प्लास्टिकच्या नव्या पिशव्यांत गेले. आणि एका उत्साही मित्रानं ते मळके रुमाल घरी नेले, धुतले, इस्त्री करून आणले. आम्ही त्याचं कौतुक केलं.

त्या रुमालांच्या एका कोपऱ्यावर शाईनं मोडीत काहीतरी लिहिलेलं होतं. धुतल्यावर ते गेलं.

महिन्याभरानं मोडी जाणणारे एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी संगणकावर दहा-बारा चित्रं पाहिली, खूश झाले आणि साधं विचारलं, ‘हे पत्र कोणत्या पत्राबरोबर होतं?’ आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते म्हणाले, ‘बरं, याची पाठ दाखवा.’ पाठ आमच्याकडे नव्हती. मग पिशव्या उघडून तो कागद शोधण्यात दुपार गेली. कागद उलटा केल्यावर वरच्या अंगाला वेगळ्या हातानं, वेगळ्या शाईनं घाईत खरडलेली अर्धी ओळ दिसली. आम्हाला तो डाग वाटला होता. त्यांनी वाचलं: ‘पै’, आणि पुढे चंद्राची तारीख. पैवस्ती, म्हणजे पोच. पत्र आलं की घेणारा कारकून त्याच्या माथ्यावर किंवा पाठीवर ते कधी पोचलं ते लिहून ठेवी. आत लिहिल्याची तारीख, बाहेर पोचल्याची. दोहोंची वजाबाकी केली की जासूद किती दिवस चालला, वाटेत नदीला पूर होता का, बातमी मालकाला कळली तेव्हा ती किती शिळी झाली होती, हे सगळं उलगडायला लागतं. इतिहासातले कितीतरी निर्णय समजायचे तर ही अर्धी ओळ हवी. ती ओळ आम्ही कोरी बाजू म्हणून सोडून दिली होती.

मोडी कागदाला अशी बरीच अंगं असतात. लांब मजकुरासाठी कागदाला कागद डकवत जायचे आणि जोडावर मागून शिक्का उमटवायचा, म्हणजे मधला बंद कुणाला बदलता येऊ नये. शेवटी ‘मोर्तब सुद’, म्हणजे इथं पत्र संपलं, याखाली कुणी काही घुसडलं तर ते खोटं. घड्या कशा पडल्या आहेत त्यावरून पत्र खलित्यातून गेलं की हातोहात, याचा अंदाज येतो. जुन्या लेखकांना कागद कसा फसवतो ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी कागदावरच त्याच्या खरेपणाची आणि जागेची सोय करून ठेवली होती. आजच्या भाषेत ज्याला मेटाडेटा म्हणतात, तो या कारकुनांच्या अंगवळणी पडलेला होता. आम्ही चित्रं काढली आणि नेमका तो फेकून दिला.

कुणी म्हणेल, हे सगळं अभ्यासकांचं कौतुक आहे, सामान्य माणसाला याचं काय? तर दोन गोष्टी सांगतो. १८५२ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरच्या इनामांची चौकशी सुरू झाली. कुणाचं इनाम खरं, कुणाचं नाही, हे ठरवायला सनदा आणि दप्तर हाच आधार होता. ज्यांना कागद दाखवता आला नाही, त्यांच्या पिढीजात जमिनींवर गदा आली. ही झाली जुनी गोष्ट. दुसरी कालपरवाची. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, पुढे काम राज्यभर पसरलं, आणि जिल्ह्याजिल्ह्यात महसुलाची, जन्ममृत्यूची, शाळांची जुनी दप्तरं उघडली गेली. लाखो नोंदी निघाल्या. मोडी वाचणारी माणसं एकाएकी हवीहवीशी झाली. ज्या कचेरीत दप्तर गावनिहाय आणि सालनिहाय लावलेलं होतं तिथं नोंद निघणार, जिथं गठ्ठे एकमेकांत मिसळलेले होते तिथं शोधणारा हात टेकणार, हे उघड आहे. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, एका माणसाचा दाखला आणि त्याच्या मुलाचा प्रवेश दीडशे वर्षांपूर्वीच्या गाठीवर अवलंबून असू शकतो, हे त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

डिजिटल जगात ही सैल बांधणी आणखी एका वाटेनं येते. ती म्हणजे किल्ली हरवणं.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, अशी ती युक्ती. पंथातल्या माणसाजवळ किल्ली होती, बाहेरच्याजवळ नव्हती. पोथ्या शेकडो वर्षं सुखरूप राहिल्या, मठांत पूजल्या गेल्या, आणि तरीही मराठीतलं सर्वांत जुनं मोठं गद्य उरलेल्या महाराष्ट्राला जवळजवळ ठाऊकच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे अशा मंडळींनी या लिपीचा उलगडा लोकांपुढे आणला तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानं मांडावा लागला. पोथी सलामत, पण वाचता येत नाही, अशी ती अवस्था होती.

आपण गेल्या तीस वर्षांत नकळत तेच केलं आहे. माझ्याकडे एका वाचनालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेच्या फ्लॉपी आल्या. नव्वदच्या दशकात डीटीपीवर जुळवलेली स्मरणिका. फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळवण्यात पंधरा दिवस गेले. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची आणि डॉलरची चिन्हं यांचा नुसता चिवडा. फाइल बिघडली नव्हती. त्या काळी प्रत्येक मराठी फॉन्ट आपापल्या मनानं ‘क’ कुठल्या कळीवर बसवायचा ते ठरवत असे. तो फॉन्ट गेला की मजकूर गेला. सुदैवानं छापील स्मरणिकेची एक प्रत वाचनालयाच्या कपाटात होती, जरा पिवळी पडलेली, पण धडधडीत वाचता येणारी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण मराठी छपाईच्या दुकानांत ती रुळायला पुढची वीस वर्षं लागली. मोडीला तर युनिकोडात जागा मिळाली २०१४ साली. मधल्या काळात टाइप झालेली स्मरणिका, दिवाळी अंक, ग्रामपंचायतींचे अहवाल, कवींचे अप्रकाशित संग्रह कितीतरी संगणकांत आजच्या सकळ लिपीत पडून आहेत. त्यांची किल्ली ज्यांच्याजवळ आहे ते डीटीपीवाले अजून हयात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखं आहे. पुस्तिकेत यावर वेगळं प्रकरण आहे.

तिसरी वाट विसरण्याची. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या मोठ्या प्रकल्पात भारतीय भाषांतली लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठीही भरपूर होती. ज्यांनी ती वापरली त्यांना आठवत असेल, पुस्तक असायचं पण सापडायचं नाही. नावं रोमनमध्ये वाटेल तशी लिहिलेली, लेखकाच्या जागी प्रकाशक, सालाच्या जागी भलतंच काही, मधली पानं गायब. पुढे ते मूळ संकेतस्थळही बंद पडलं. त्यातली पुष्कळ पुस्तकं आज वाचायला मिळतात, कारण काही लोकांनी ती वेळेवर उतरवून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवली. एवढ्यावरून प्रकल्पाला नावं ठेवायचं कारण नाही. त्याच्यामुळे कित्येक दुर्मीळ पुस्तकं निदान डोळ्यांना दिसली. पण दोन धडे तिथंच मिळतात. नोंद चुकली की पुस्तक गेलं, आणि एकाच घरी ठेवलेली ठेव घराबरोबर जाते.

इथं पुन्हा नक्कल करणाऱ्या त्या जुन्या माणसाकडे यावं लागतं. आपल्याकडे ग्रंथ टिकले ते एकाच प्रतीला जपून नव्हे, पुन्हा पुन्हा उतरवून. दमट हवेत कागदाचं आयुष्य मर्यादित, हे गृहीतच होतं. उतरवताना चुका शिरत, म्हणून अधूनमधून कुणीतरी बसून प्रती ताडून पाहायच्या. एकनाथांनी पैठणला शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांची तुलना करून १९६६ साली चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, ते याच परंपरेतलं सर्वांत मोठं काम. आणि त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला तेव्हा श्लोकातला चौथा शत्रूही किती ताजा आहे ते कळलं.

संगणकानं उतरवण्याचे कष्ट संपवले. मान मोडत नाही, नजर बसत नाही, एका कळीवर हजार पानांची नक्कल होते आणि त्यात एक मात्राही चुकत नाही. पण कष्टाबरोबर एक गोष्ट गेली. उतरवणारा पान न् पान वाचत असे. आता नक्कल होते आणि कुणी काहीच वाचत नाही. फाइल पोथीसारखी हळूहळू झिजत नाही. ती आज उघडते आणि उद्या उघडत नाही. मध्ये कण्हणं, पिवळं पडणं काही नाही. म्हणून तिला ताळा लागतो. शाळेत गुणाकार केल्यावर आपण ताळा करून पाहायचो, तसंच प्रत्येक फाइलचं चेकसम नावाचं एक ठरावीक उत्तर काढता येतं. ते लिहून ठेवायचं आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा काढून जुळवायचं. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी उत्तर बदलतं. ताळा जमला नाही की चांगल्या प्रतीवरून नवी प्रत करायची. यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सहा महिन्यांनी ते आठवणीनं चालवणारं माणूस मात्र संस्थेला नेमावं लागतं.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या गावी. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन हार्ड डिस्क म्हणजे एकच प्रत, असं आम्ही समजतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं, तेव्हा घरातल्या दोन खोल्यांत कागद वाटून ठेवलेल्यांचं काय झालं ते पुणेकरांना विचारा. ८ जानेवारी २००३ ला पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि मराठी-हिंदी चित्रपटांची रिळं जळाली. तेलापाण्याचे शत्रू अजून निवृत्त झालेले नाहीत, एवढं सांगण्यापुरतं हे पुरे.

कागदांविषयी इतकं बोलल्यावर आवाजाविषयी थोडं. सैल न पडू दिलेल्या बांधणीचा एक उत्तम नमुना आपल्याच भाषेत आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. मुळशीच्या डोंगरातून सुरू झालेलं हे काम पसरत गेलं आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञानं त्यांची संगणकावर रचना लावली, ध्वनिमुद्रणं केली. प्वातवँ आणि राईरकर दोघंही गेल्यानंतर हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’नं हाती घेतला आणि आज तो कुणालाही ऐकता येतो. तिथं एखादी ओवी उघडून पाहा. खाली गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव, तालुका, जिल्हा असतो, वय, जात, मुलंबाळं, काय काम करते ते, आणि ध्वनिमुद्रणाची तारीख असते. लोकगीत म्हटलं की ‘अनामिक’ लिहून मोकळं व्हायची आपली जुनी खोड. इथं तसं झालेलं नाही. त्यामुळे पुढे मंडळी त्या गावी परत जाऊ शकली, त्या बाईंना भेटली, त्यांची ओवी त्यांनाच ऐकवली. जातं बंद पडून दशकं झाली, गावोगाव पिठाची गिरणी आली, पण ओवी आणि बाई यांची गाठ सुटली नाही.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. ओवीत सासर असतं, मार असतो, भावाशी झालेलं भांडण असतं. जुन्या कागदांत कर्ज, वाटणी, दत्तकाचे तंटे, कुणाच्या तरी आजीची बदनामी असते. जपणं वेगळं आणि चव्हाट्यावर मांडणं वेगळं. काय सगळ्यांना दाखवायचं, काय मागेल त्याला दाखवायचं, आणि काय अमुक वर्षं झाकून ठेवायचं, हे आधी ठरवावं लागतं आणि ज्यांचं ते आहे त्यांना विचारून ठरवावं लागतं. एकदा इंटरनेटवर गेलेलं परत घेता येत नाही. पुस्तिकेतलं शेवटचं प्रकरण याबद्दल आहे. वाचकांनी ते आधी वाचलं तरी चालेल.

बाकीच्या प्रकरणांचा क्रम मुद्दाम उलटा वाटेल असा ठेवला आहे. स्कॅनर चौथ्या प्रकरणात येतो. पहिल्यात फक्त पाहायचं आहे: रुमाल, ट्रंक, कपाट जसं आहे तसं, हात न लावता, त्याचा फोटो काढायचा. दुसऱ्यात यादी करायची आहे, वहीत, पेननं, कोणत्या पुडक्यात किती कागद आणि वरून कितवा कोणता. तिसऱ्यात ज्यांना आठवतं त्यांना विचारायचं आहे. फोटोतल्या मागच्या रांगेतला तिसरा माणूस कोण, हे सांगणारी आत्या आज आहे. तिचं उत्तर कुठल्याही यंत्रातून निघणार नाही. मग स्कॅनिंग, दोन्ही बाजूंनी, कोरी वाटली तरी. मूळ चित्र टिफमध्ये ठेवायचं, कारण जेपेग जागा वाचवण्यासाठी बारीक तपशील टाकून देतं. पाहायला आणि पाठवायला जेपेग ठीक. फाइलचं नाव असं की एकटी पडली तरी तिनं आपलं घर सांगावं: संग्रह, रुमाल, पुडकं, कागद, बाजू. मोडी यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयत्न आता सुरू आहेत आणि ते साधतीलही. पण यंत्र कागद वाचेल, तो कोणत्या पुडक्यातला हे त्याला आपणच सांगावं लागेल.

आता त्या सतरा रुमालांचं काय झालं ते सांगून थांबतो, कारण वाचक विचारणारच.

त्यांचा मूळ क्रम आम्हाला थोडा परत मिळाला. तो ना आमच्या हुशारीनं मिळाला, ना स्कॅनरनं. कागदांना कसर लागलेली होती. एका रविवारी मोडी वाचणाऱ्या त्याच गृहस्थांनी दाखवलं की एका कागदावरचं वेडंवाकडं भोक दुसऱ्या एका कागदावरच्या भोकाशी तंतोतंत जुळतं. किडा कागद बघून खात नाही, तो पुडक्याच्या आरपार जातो. एका कागदात जरा मोठं भोक, पुढच्यात जरा लहान, त्यापुढच्यात नुसता टोचा. आम्ही पडद्यावर चित्रं एकावर एक ठेवून भोकं जुळवत बसलो, आणि तिथं मात्र संगणकाचा मनापासून उपयोग झाला. वर्षभरात पाच रुमालांतले कागद बऱ्यापैकी आपापल्या जागी गेले. बारा रुमालांना चांगली जपणूक लाभली होती, त्यांना कसर लागलेली नव्हती. त्यांचा क्रम गेला तो गेलाच.

फाइलला कसर लागत नाही. तिच्यात असं भोक कधी पडणार नाही, आणि पन्नास वर्षांनी आमच्यासारखे कुणी चुकलेले लोक तिची जागा शोधायला बसले तर त्यांच्या हाताला धरायला काहीच लागणार नाही. आपण लिहून ठेवलं असेल तेवढंच. म्हणून स्कॅनर चालू करण्याआधी वही उघडा, आणि रुमाल सोडण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर काय लिहिलंय ते वाचा.

पुणे
गुढीपाडवा